तात्यांचा ब्लॉकचेन-खेळांचा वार्षिक अहवाल

खडवलीचं आमचं भातशेत एवढंसं, की घरचा तांदूळ जेमतेम होळीपर्यंत पुरायचा. त्यात बाबा आणि त्यांचे थोरले भाऊ तात्या यांच्यात बांधावरून भांडण झालं. बांध सरकला हे दोघांनाही मान्य होतं. कोणी सरकवला यावर एकमत नव्हतं. तात्या महापालिकेत जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर होते, राहायला कोपरला. त्यांनी गावी येणं सोडलं. बाबा शेत सांभाळून वीटभट्टीवर जाऊ लागले आणि त्यावर मी बी.एस्सी. झाले. घराण्यातली पहिली. सांगण्यासारखं आहे म्हणून सांगते.

भांडण मोठ्यांचं होतं, मी तात्यांकडे जातच राहिले. माझी नोकरी घोडबंदर रोडला, मोबाइल गेम तपासायची. एकदा मी त्यांना सहज सांगितलं, की ब्लॉकचेन ही अशी नोंदवही आहे, जिच्या प्रती असंख्य कॉम्प्युटरांवर असतात आणि एकदा झालेली नोंद कोणाला खोडता येत नाही. खेळात घेतलेली जमीनसुद्धा अशी नावावर होते, खऱ्या पैशांत विकताही येते.

तात्या खुर्चीतून उठले. "म्हणजे इथे बांध सरकत नाही?"

"नाही."

"अगं, मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

महिन्याभरात रिटायर्ड तात्या एका खेळात शेती करत होते, दुसऱ्यात कोंबडे झुंजवत होते, तिसऱ्यात चंद्रावर टपरी टाकून बसले होते. दर पाडव्याला गुढी उभारली, की बुशशर्टाचं गळ्याचं बटण लावून ते बिल्डिंगच्या लोकांना ब्लॉकचेन-खेळांचा वार्षिक अहवाल वाचून दाखवत. लोक श्रीखंडासाठी थांबत. अहवाल अर्थातच जन्म-मृत्यू पद्धतीचा. "नवे जन्म भरपूर. मृत्यू त्याहून जास्त. मृत्यूचं कारण: खेळायला आलेले कमी, कमवायला आलेले फार." एखादा खेळ बंद होणार असला, की तात्या अंघोळ करून फोन घेऊन बसत आणि पडदा काळा होईपर्यंत हलत नसत. म्हणत, शेवटी चार माणसं तरी असावीत.

सगळ्यात जीव त्यांचा शेतीच्या खेळात. तिथे त्यांचा एक शेजारी होता. तात्या झोपले, की हा त्यांच्या भाताला पाणी द्यायचा; सकाळी तात्या त्याच्या गुरांना चारा टाकायचे. बोलणं शून्य. तात्या मला सांगत, फिलिपिन्सचा असावा, सज्जन आहे, आपल्याकडे असे शेजारी मिळत नाहीत. मी मान हलवायची. कारण ते खातं मीच काढून दिलेलं आणि खेळणारे होते माझे बाबा. प्लॉट तात्यांना लागूनच हवा आणि त्यांना कळता कामा नये, अशा दोन अटी बाबांनीच घातलेल्या.

यंदा पाडव्याच्या तोंडावर कंपनीचं पत्रक आलं: शेतीचा खेळ बंद. जमिनीची नोंद कायम राहील, जमीन मात्र दिसणार नाही. म्हणजे सातबारा आहे आणि शेत नाही. दोन भावांमध्ये शिल्लक होता तो एवढाच व्यवहार.

शेवटच्या दिवशी मी कोपरला गेले. तात्या अंघोळ करून तयार. पडदा काळा झाला, तसा त्यांनी फोन खाली ठेवला आणि विचारलं, खडवलीची गाडी किती वाजता आहे.

"कशाला?" मी म्हटलं.

"तो शेजारी हद्दीवर शेंगांची रोपं लावायचा, ओळीने. मी पहिल्याच हंगामात पाहिलं. फिलिपिन्सचा माणूस बांधाला तूर लावतो होय? ती आमच्या आईची पद्धत."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"पाणी द्यायचा बंद झाला असता तर?"

आम्ही निघालो. गाडीत तात्या कपाळाचा घाम पुसत होते आणि मला उगाच नव्या खेळांची नावं सांगत होते. बाबा अंगणात विळ्याला धार लावत बसलेले. वर पाहिलं, उठले, खाट झटकली.

"गुडघा कसा आहे?"

"दुखतो."

"बस मग."

तात्या बसले. मी पाणी आणायला आत गेले आणि मुद्दामच वेळ लावला. बाहेर आले तेव्हा दोघे एकमेकांचं बोलणं तोडत, मोठमोठ्याने, कोणत्या खेळात आता जमीन घ्यावी यावर वाद घालत होते.

नऊ वर्षांनी माझे वडील आणि तात्या एकमेकांशी बोलले.