मापारीकाकांचा मन

मोताळ्यात माझं पहिलं स्वागत ज्या माणसानं केलं, त्यानं माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, जात तर नाहीच. मी शाळेत हजर व्हायला आलेलो, एका हातात ट्रंक, दुसऱ्या हातात वळकटी. शेजारच्या ओट्यावर बसलेल्या त्या गृहस्थानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मान जराशी तिरपी केली आणि म्हटलं, "एक मन सोळा शेर. पेटीचे नऊ शेर येगळे."

हे मापारीकाका. कापसाच्या बाजारात तोलाईचं काम करायचे. तेव्हा महाराष्ट्र राज्याला पुरती दहा वर्षंही झाली नव्हती, पण किलो आणि क्विंटल येऊन चांगले रुळले होते. काकांनी मात्र त्यांच्याशी सोयरीक केली नव्हती. दिवसभर बाजारात किलोनं तोलायचे, कारण पोटापुढे इलाज नाही. फाटकाबाहेर पाऊल पडलं की पुन्हा शेर आणि मण. "कुंटल सरकारचा, मन आपला," असं ते येता-जाता म्हणायचे.

इथे एक खुलासा केला पाहिजे. आमच्या वऱ्हाडात ण हे अक्षर पाटीवर लिहितात, बोलत नाहीत. पाणी ते पानी, लोणी ते लोनी, आणि चाळीस शेरांचा मण तो मन. मी स्वतः त्याच मुलखातल्या बीबी गावचा, पण छड्या खाऊन ण शिकलेला आणि वर मराठीचा मास्तर, त्यामुळे त्या अक्षरावर माझा जरा जास्तच जीव. मी एकदा काकांना समजावायला गेलो. "काका, वजनाचा तो मण, माणसाचं ते मन. मण भरला, मन भरलं. जिभेला ण जमत नसेल तर निदान लिंग तरी सांभाळा."

"दोनी भराचंच हाय ना गुर्जी? मंग भांडता कायले?"

मी नाद सोडला.

काकांचा अंदाज मात्र पाव शेरानंही चुकत नसे. आठवडी बाजारात भोपळ्याकडे नुसतं बघून "साडेचार शेर, देठ सोडून" म्हणायचे आणि विकणारी बाई तोलून बघायची तर तेवढाच निघायचा. शेजारच्या एका सोयरिकीत पत्रिका जुळली, हुंड्याचं जुळलं, काका मध्येच म्हणाले, "पोरगी सव्वा मन, पोरगा एक मन दोन शेर. पारडं एकाच अंगाले झुकन, पाहून घ्या." मुलाचा बाप ताटावरून उठला. पुढे लग्न झालं, आणि पारडं कोणत्या अंगाला झुकलं ते सगळी गल्ली रोज ऐकते.

त्यांना चूक म्हणायची हिंमत एकाच माणसाची होती, गिरजाकाकूंची. काका ओट्यावरून वजन सांगायचे आणि स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज यायचा, "उगा फेकू नका!" मग अर्धा तास जुंपायची. शेवटी काकाच बरोबर निघायचे, पण काकूंनी हार कधी मानली नाही. मी राहायला आलो त्याच दिवशी त्यांनी मला जवसाची चटणी दिली होती. मी चटणीचं कौतुक केलं, तर म्हणाल्या, "मायेरचा वरवंटा हाय. मायनं तोलून देल्ला, पावनेतीन शेर. तुमच्या काकालेई इचारा." काकांनी निमूट मान हलवली. त्या घरात दोघांचं एकमत झालेली तेवढी एकच वस्तू होती.

मग जगभर फिरून फ्लूची ती साथ आमच्याकडे आली. घराघरात माणसं आडवी झाली. मीही झालो. ताप आठवड्यात उतरला, पण नंतरचं काही तरी वेगळंच होतं. भूक नाही, झोप नाही, खडू उचलायचीही इच्छा नाही. मुलांच्या वह्या पुढ्यात घेऊन मी तासन् तास भिंतीकडे बघत बसायचो. गल्लीत बऱ्याच जणांचं असंच झालं होतं. सगळे उठून कामाला लागले होते, पण कोणी कोणाशी बोलत नव्हतं.

गिरजाकाकू तर उठल्याच नाहीत. ताप जाऊन दोन महिने झाले, तरी खिडकीजवळच्या बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. दोन घास पुढे केले तर खायच्या, नाही केले तर नाही. बोलणं बंद. काका हवालदिल होऊन दवाखान्यात गेले. तिथले डॉक्टर पुण्याकडचे, तरुण, नवेच आलेले. ते म्हणाले, "ताप गेलाय त्यांचा. आता मन सांभाळा. तापानंतर मन खाली जातं. रोज लक्ष ठेवा."

काका घरी आले आणि बाजारानं टाकून दिलेला जुना लाकडी तराजू त्यांनी अंगणातल्या कडुनिंबाला टांगला.

"डॉक्टर म्हने, तापानंतर मन खाली जाते. रोज पाहा लागते," त्यांनी गल्लीला जाहीर केलं. "आपला मन, डॉक्टरच्या तोंडून! पाहा, अखीर सरकारले कळलं!"

काकू काही पारड्यात बसायला उठल्या नाहीत. म्हणून काकांनी गल्ली तोलायला घेतली. शेरांची जुनी वजनं तर केव्हाच सरकारजमा झाली होती. काकांनी घरातलं जातं, पाटा आणि वरवंटा बाहेर काढून दुसऱ्या पारड्यात रचले, कमी पडलं तर विटा. रोज संध्याकाळी, शाळा आणि बाजार सुटल्यावर, तापातून उठलेली माणसं ओळीनं उभी राहायची. आधी हसायला आली, मग खरोखरच यायला लागली.

मी पारड्यात बसलो. जमिनीपासून वीतभर वर, गुडघे छातीशी, मुख्याध्यापक बघतायत.

"हालू नका. काटा ठरेपर्यंत बोलत राहा," काका म्हणाले.

"काय बोलू?"

"जेवले का? झोप लागते का? बीबीले मायले कागद लिहिला का?"

लिहिला नव्हता. दोन महिने लिहिला नव्हता. आई जिवंत आहे का नाही हेही मी विचारलं नव्हतं, असं मी त्या पारड्यात लोंबकळत बोलून गेलो आणि मला रडू आलं. काटा हलतच राहिला. काकांना घाई नव्हती. "एक मन अकरा शेर," ते शेवटी म्हणाले. "पाच शेर कुठी ठून आले गुर्जी? उद्या या." मी त्याच संध्याकाळी पत्र लिहिलं.

हे प्रकरण डॉक्टरांच्या कानावर गेलं. ते सायकलवरून लालबुंद होऊन आले.

"अहो, मण नव्हे! मन! म, न!"

"तेच तं म्हनतो साहेब. मन."

"तुम्ही म्हणता तो वजनाचा!"

"मंग तुमच्यातला काय बिनवजनाचा असते?"

मी मदतीला धावलो. "काका, ते मन, तो मण..." पण तोवर काकांनी डॉक्टरांना खांद्याला धरून पारड्यात बसवलंही होतं. काटा ठरेपर्यंत डॉक्टरांनी सांगितलं की साथ आल्यापासून एकही रात्र ते सलग झोपले नाहीत आणि खाणावळीतली भाजी त्यांना तिखट लागते. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्याकडे गल्लीतून भाकरी आणि दूध जायला लागलं.

एकच गोष्ट मला खटकत होती. काका दगड रचताना खिडकीखाली उभे राहून रोज मोठ्यानं ओरडायचे, "जातं पंचवीस शेर! पाटा सव्वाबारा! वरवंटा अडीच! मन पाव शेरानं कमी!" अडीच? पावणेतीनचा होता तो. जन्मात पाव शेर न चुकलेला माणूस, तापानं याचंही डोकं गेलं की काय म्हणून मी घाबरलो. एकदा "काका, वरवंटा..." म्हणालो, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी वाक्य गिळलं.

"चूप बसा गुर्जी," ते हळूच म्हणाले.

असे महिनाभर गेले. त्या दिवशी पारड्यात मीच होतो.

"जातं पंचवीस! पाटा सव्वाबारा! वरवंटा अडीच!"

"पावनेतीन."

आवाज खिडकीतून आला. बारीक, घोगरा. ओळीतली माणसं खिडकीकडे वळली. काकांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"अडीच!" ते ओरडले.

"पावनेतीन! माह्या मायनं तोलून देल्ला व्हता! इतके दिस ऐकून राह्यली मी, अडीच, अडीच! डोस्कं फिरलं का तुमचं?"

आणि गिरजाकाकू दारात आल्या. चौकट धरून, दम घेत, पायरी उतरून थेट तराजूपाशी. त्यांनी पारड्यातून वरवंटा उचलला, पदरानं त्याची धूळ पुसली. त्याबरोबर माझं पारडं धाडकन खाली आलं आणि मी मातीत आपटलो. कोणीही हसलं नाही.

"माहा वरवंटा हाय हा," काकू म्हणाल्या. "चटनीले लागते."

काका बोटं मोजत होते. "जातं पंचवीस. पाटा सव्वाबारा. वरवंटा पावनेतीन. झाले चाळीस." मग त्यांनी काकूंकडे पाहिलं आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

"मन भरलं," ते म्हणाले.

मी मातीत बसल्या बसल्या ऐकलं. भरला नव्हे, भरलं. आणि इतके दिवस मी या माणसाला व्याकरण शिकवत होतो.