लॅकरचे नऊ हात आणि एक अंगठा

शनिवारी दुपारी, जेवणं आटोपल्यावर, कवळीकरांनी दोन वर्षं खपून केलेल्या इलेक्ट्रिक गिटारची वायर अँपमध्ये, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या खोक्यात, खोचली, बटण दाबलं, आणि खोलीभर "ऊंऽऽऽ" असा आवाज घुमला. अजून त्यांनी तारेला बोटसुद्धा लावलं नव्हतं.

कवळीकर हे काही त्यांचं आडनाव नव्हे. दातांच्या कवळ्या बनवण्यात त्यांची वीस वर्षं गेली, म्हणून मित्रांनी ते नाव पाडलं आणि ते चिकटलं. कवळीला चकाकी आणणारे हात घरी आल्यावरही स्वस्थ बसेनात. त्यांनी लाकडाची एक जाड फळी आणली, गिटारच्या आकारात कापली आणि तिच्यावर निळ्या लॅकरचे एकावर एक नऊ हात दिले. एक हात, आठवडाभर वाळवण, मग पॉलिशपेपर, मग पुढचा हात. खाचाखोचा, भोकं, आतल्या वायरी, काही म्हणून लॅकरमधून सुटलं नाही. आवाज कमीजास्त करायची बटणंसुद्धा त्यांनी कवळीच्या गुलाबी मसाल्यातून घडवली होती. त्यामुळे गिटार हिरड्या दाखवून हसतेय असं वाटे.

"हे काय वाजतंय?" बायकोने दारातून विचारलं.

"सुरुवात आहे."

"कशाची?"

ते कवळीकरांनाही माहीत नव्हतं.

"अहो, आई उद्या येतेय. कायमची. ठरलंय ना आपलं? गिटार नीट वाजली तर तुमचं कामाचं टेबल इथेच, तिच्या खोलीत कोपऱ्यात राहील. नाही वाजली, तर टेबल, हत्यारं, डबे, सगळं भंगारात. दोन वर्षं मी त्या लॅकरच्या वासात स्वयंपाक केलाय."

जगात कवळीकरांची म्हणावी अशी जागा एकच होती आणि ती त्या टेबलाएवढी होती. त्यांनी ट्यूबलाइट बंद केली. ऊंऽऽऽ. फ्रिज बंद केला. ऊंऽऽऽ. बायकोच्या हातातली इस्त्री काढून घेतली. ऊंऽऽऽ चालूच, वर बायकोचा आवाज वेगळा.

शेवटी ते तळमजल्यावरच्या वायरमनला घेऊन आले. वायरमनने गिटारच्या तारांना हात लावून पाहिला, लाकडावर टकटक केलं, कान टेकवला आणि डॉक्टरासारखी मान हलवली.

"गिटार ठणठणीत आहे. लाइनमध्ये घाण आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे कोणाच्या तरी घरातलं यंत्र ओरडतंय, आणि ते इथे ऐकू येतंय."

मग दोघांनी दारं ठोठावायला सुरुवात केली. शेजारच्या शिंपीणबाईंनी शिलाई मशीन बंद केलं आणि काय होतंय ते बघायला त्या मागोमाग आल्या. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त प्राध्यापकांनी माशांच्या टाकीचा पंप बंद केला, तोही मोठ्या उपकाराने.

"पाच मिनिटं. त्याच्यापुढे माझे मासे थांबणार नाहीत," असं बजावून तेही आले. खोलीत आता पाच माणसं गिटारभोवती आजाऱ्याच्या खाटेभोवती उभं राहावं तशी उभी होती, आणि गिटार पहिल्याच सुरात कण्हत होती.

"आता एकच उपाय," वायरमन म्हणाला. "मेन."

तो खाली गेला. खट्ट असा आवाज आला आणि खोली एकदम शांत झाली.

"गेला!" कवळीकर ओरडले. "आवाज गेला! लाइनमध्येच होतं!" त्यांनी प्राध्यापकांना मिठी मारली.

"अहो," बायको म्हणाली, "त्या खोक्याचा दिवापण गेलाय."

कवळीकरांनी अँपकडे पाहिलं. दिवा गेला होता. पंखा गेला होता. अख्ख्या इमारतीची वीज गेल्यावर गिटार गप्प बसली, यात संशोधन काहीच नव्हतं. ते ओशाळून मिठी सोडवत असतानाच जिन्याच्या बाजूने दणादण थापा ऐकू आल्या.

"कोणी आहे का रे? मी लिफ्टमध्ये अडकलेय!"

"आई!" बायकोने कपाळावर हात मारला.

वायरमनने धावत जाऊन मेन चालू केला. सासूबाई सूटकेस घेऊन बाहेर आल्या, घामाघूम.

"थोरल्याची गाडी आजच रिकामी होती, म्हणून त्याने आजच आणून सोडलं," त्या म्हणाल्या. "वीज कोणी घालवली?"

सगळ्यांनी गिटारकडे पाहिलं. वीज येताच ती पुन्हा ऊंऽऽऽ करू लागली होती. सासूबाई टेबलाजवळच्या स्टुलावर टेकल्या.

"आणि ही वायर निसटतेय बघा तुमची," असं म्हणत त्यांनी वायर जिथे गिटारमध्ये शिरते तिथल्या पत्र्यावर अंगठा दाबून धरला.

ऊंऽऽऽ थांबलं.

"काय केलंत?" कवळीकर किंचाळले.

"मी? मी काही केलं नाही हो!" सासूबाईंनी घाबरून हात मागे घेतला. ऊंऽऽऽ. अंगठा ठेवला, शांत. काढला, ऊंऽऽऽ. वायरमनचा चेहरा पडला. प्राध्यापकांनी कुतूहलाने आपलं बोट पुढे केलं, तर सासूबाईंनी डोळे वटारले. "मी धरलंय ना?"

कवळीकरांना काही म्हणजे काही समजत नव्हतं, पण हातातली संधी त्यांनी दवडली नाही. त्यांनी गिटार मांडीवर घेतली आणि तारा छेडल्या. दोन वर्षांत पहिल्यांदाच स्वच्छ, गोड सूर निघाला. त्यांचे डोळे भरून आले. शिंपीणबाईंनी टाळ्या वाजवल्या. प्राध्यापक मात्र मासे आठवून पळाले.

"म्हणजे नीट वाजली की नाही वाजली?" बायकोचा गोंधळ उडाला होता.

"आई असतील तर वाजली."

"आणि आई काय रोज अंगठा लावून बसणार?"

"का नाही बसणार?" सासूबाई म्हणाल्या. "थोरल्याकडे वर्षभर मला कोणी कशाला हात लावू दिला नाही. आई, तुम्ही बसा. आई, तुम्ही राहू द्या. इथे मी हात काढला की बोंब होते." त्यांनी अंगठा आणखी घट्ट दाबला. "टेबल हलवायचं नाही. माझ्या खोलीतच राहू दे."

बायको निमूटपणे चहा टाकायला गेली.

तेव्हापासून रोज संध्याकाळी सहाला सासूबाई हात धुऊन, पुसून, चष्मा लावून स्टुलावर बसू लागल्या. मैत्रिणींना फोनवर सांगू लागल्या, "सहानंतर नको गं, आमचं वादन असतं."

गुरुवारी सकाळी सासूबाई अंघोळीला गेल्या होत्या. वायरमन आला तो जिन्यातूनच पुटपुटत. पाच रात्री त्याला झोप नव्हती.

"साहेब, तारा जिथे टेकतात, ती खालची पट्टी खोला."

त्या पट्टीला ब्रिज म्हणतात. कवळीकरांनी तो खोलला. खालून, सासूबाईंच्या अंगठ्याखालच्या पत्र्यापासून आलेली अर्थिंगची एक वायर डोकावत होती. तिचं तांब्याचं टोक ब्रिजला टेकायला हवं, म्हणजे वाजवणाऱ्याचा हात तारांवर पडला की ऊंऽऽऽ आपोआप बंद होतं. पण ते टोक निळंशार होतं. खुद्द कवळीकरांनी, पॉलिशपेपर मारून, त्यावरही आरशासारखं लॅकर चढवलं होतं, आणि लॅकरमधून वीज जात नाही. सारी इमारत अंधारात गेली, लिफ्ट अडकली, आणि दोष त्यांच्याच चकाकीचा निघाला.

कवळी खरवडायच्या कोरणीने ते टोक मोकळं करायला एक मिनिट लागलं. ब्रिज बसवून त्यांनी वाजवून पाहिलं. ऊंऽऽऽचा मागमूस नाही. वायरमन टाळी द्यायला पुढे आला, पण कवळीकर सासूबाईंच्या रिकाम्या स्टुलाकडे बघत होते.

"काय झालं साहेब?"

"कोणाला सांगू नकोस," ते म्हणाले.

संध्याकाळी सहाला सासूबाई आल्या, बसल्या, अंगठा लावला. कवळीकर वाजवू लागले. तेवढ्यात सासूबाईंच्या तोंडातली, जावयानेच करून दिलेली कवळी सरकली. ती सावरायला त्यांनी हात उचलला.

ऊंऽऽऽ आलंच नाही.

कवळीकरांना काय करावं ते सुचेना. त्यांनी ओठ मिटले, मान खाली घातली आणि नाकातून जोर लावला, "ऊंऽऽऽ!"

सासूबाईंनी गिटारकडे पाहिलं. मग जावयाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग सावकाश अंगठा पुन्हा पत्र्यावर ठेवला. कवळीकर तत्काळ गप्प झाले.

"बघा," सासूबाई म्हणाल्या, "क्षणभर हात काढायची सोय नाही."

"नाहीच मुळी," कवळीकर कसेबसे म्हणाले.

"पण आज गिटारचा घसा बसलाय हो, जावईबापू. रात्री मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा."