अण्णांचं जेऊरचं ठिगळ

सोलापुरात आमच्या शुक्रवार पेठेत अण्णांच्या घरी जाणाऱ्याला आधी तळपाय दाखवावा लागे. नुसत्या चपला काढून भागत नसे. भिंतीला हात टेकून एकेक पाय मागे वळवायचा, चष्मा कपाळावर सारून अण्णा तो न्याहाळणार आणि मग म्हणणार, "या. खडा न्हाय." घरात साधी शहाबादी फरशी. तिला खड्यानं काय होणार? पण ज्याची वीस-बावीस वर्षं शेततळ्यांत कागद अंथरण्यात गेली, त्याला हे कोण सांगणार?

शेततळ्याचा कागद म्हणजे काळं, जाड प्लास्टिक. शेतात मोठा खड्डा घ्यायचा, त्यात ते अंथरायचं, पट्ट्या गरम मशिननं एकमेकींना जोडायच्या आणि पाणी सोडायचं. बारीकसं भोक राहिलं तरी पाणी जमिनीत जातं. म्हणून अण्णांच्या कागदावर चप्पल, काठी, विडी सगळ्याला बंदी. एका तळ्याच्या उद्घाटनाला आलेल्या पुढाऱ्याला त्यांनी अनवाणी पायांवर पुन्हा मोजे चढवायला लावले होते. "तुमच्या नखांचा भरवसा न्हाय, सायेब."

तळं भरलं की ते तीन दिवस काठावर मुक्काम ठोकत. शेजारी पाण्यानं भरलेलं घमेलं. रोज तळ्यातलं पाणी किती उतरलं ते मोजायचं आणि घमेल्यातलंही. "घमेल्यातलं ऊन खातं. तळ्यातलं त्याच्यापेक्षा जास्ती उतरलं, तर भोक खातंय."

पेठेतही तेच. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे घरोघरी पिंपं. अण्णा खडू घेऊन सगळ्यांच्या पिंपांवर रेघा मारत.

"मास्तर, तुमचं पिंप गळतंय." मी वाचनालयात नोकरी केली, पण पुस्तकं वाचतो तो त्यांच्या लेखी मास्तर.

"अण्णा, मी आंघोळ केली."

"किती बादल्या?"

"दोन."

"मग तिसरी कुटं गेली?"

अण्णांना जाऊन तीन महिने झाले. त्यांनी मारलेली शेवटची रेघ माझ्या पिंपावर अजून आहे. पाणी काढताना ते बाहेर सांडून ती पुसू नये म्हणून मी तांब्या जपून बुडवतो.

आपल्या कामाबद्दल ते फार बोलत. एकच वाक्य मात्र अर्ध्यावर सोडत. "माझ्या एकाच तळ्याला भोक पडलं. जेऊरच्या. आन् ते मीच पडू दिलं." पुढे विचारलं की पिंप बघायला उठत.

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी ते दारात आले. "मास्तर, जेऊरचा मालक कागद बदलतोय. आज जुना काढणार. माझं ठिगळ भंगारात जाईल. चला की."

गाडीत बसल्यावर त्यांनी उरलेलं सांगितलं. त्यांची बायको, शांताबाई, आता नाहीत. मला त्या आतून ओरडून सांगत, "तसेच या हो, ह्यांचं काय ऐकता!" अण्णांची भाकरी घेऊन त्या प्रत्येक तळ्यावर जात आणि काठावर बसून राहत. जेऊरला त्यांनी हट्ट धरला, पाणी सोडायच्या आधी एकदा तळाशी जायचं.

"मी म्हनलं, जोडवी काढ. तर म्हनली, ती तुमी मेल्यावर काढायची. घाई हाय का?" अण्णा हसले. "तिच्यावर ती वेळ आलीच न्हाय. जोडव्यासकट गेली."

मग त्यांनी एमआयडीसीतल्या कारखान्यातले दोन टॉवेल तिच्या पायांना गुंडाळले, सुतळीनं बांधले आणि हात धरून तिला खाली नेलं.

"खाली गेली आन् नाचली की हो. लई नाचली. टॉवेल सुटला. जोडवं रुतलं." त्याच संध्याकाळी त्यांनी भाकरीएवढं ठिगळ लावलं. बायकोला पुन्हा कुठल्याच तळ्यात उतरू दिलं नाही.

आम्ही पोचलो तेव्हा तळं कोरडं होतं आणि मजूर बूट घालून कागदाचे तुकडे पाडत होते.

"बूट काढा!" अण्णा काठावरून ओरडले.

"आजोबा, भंगारात चाललाय ह्यो," मुकादम म्हणाला.

"काढा म्हन्तो की!"

कोणीतरी हसलं. अण्णांनी स्वतःच्या चपला काढल्या. माझ्या खांद्यावर हात टेकला आणि एक पाय मागे वळवला.

"बघा मास्तर. खडा हाय का?"

मी नीट बघितलं. "नाही."

दुसरा पायही दाखवून ते उतरले. तळाशी सगळीकडे वाळलेला गाळ होता, पण ते इकडे तिकडे न बघता एका कोपऱ्यात गेले, बसले आणि तळव्यानं गाळ पुसू लागले. ठिगळ तिथेच होतं. मुकादमानं चाकू आणून दिला. त्याच्या पायात तेव्हा बूट नव्हते.

परतीच्या गाडीत अण्णांनी भोकासकट कापून घेतलेला तो तुकडा धुतला. त्याचा द्रोण केला, बाटलीतलं पाणी त्यात ओतलं आणि दोन्ही हातांनी मांडीच्या वर धरून बसले.

"सांडेल, अण्णा."

"बघू द्या."

सोलापूर येईपर्यंत ते तसेच बसले होते. स्टेशनात गाडी शिरली तेव्हा त्यांनी द्रोण माझ्या हातात दिला, त्याच्या खालून तळवा फिरवला आणि मला दाखवला. कोरडा होता.

"इतकी वर्षं झाली, थेंब न्हाय गळला," ते म्हणाले. "एका भोकाला भ्यालो, मास्तर, आन् तिला जन्मभर काठावर बसवली. नाचू द्यायला पायजे होतं की."