अर्थ सांगा, मग आत जा

चाकणच्या आमच्या कंपनीत आयकार्ड विसरलेला माणूस एखाद वेळी गेटमधून सुटतो. स्वतःच्या नावाचा अर्थ माहीत नसलेला सुटत नाही. कारण गेटवर जगतापताई असतात. निळा युनिफॉर्म, अंबाड्यावर कशीबशी बसवलेली टोपी आणि एकच हुकूम: "अर्थ सांगा, मग आत जा."

स्टोअरमध्ये रुजू व्हायला आलो तेव्हा पहिल्याच दिवशी मी अडकलो. मिलिंद हे नाव बेचाळीस वर्षं वापरलं, पण आत काय आहे ते कधी बघितलं नव्हतं. "भुंगा," ताईंनी जाहीर केलं. तेव्हापासून अख्खं डिस्पॅच मला भुंगा म्हणतं. यात हसण्यासारखं काय आहे, मला अजून कळलेलं नाही.

ताईंचं शिक्षण सातवी. पण व्हिजिटर रजिस्टरात 'कामाचे स्वरूप' या रकान्यात त्या अर्थ टिपून ठेवतात. तमिळ ट्रक ड्रायव्हर सेल्वम: संपत्ती. मशीन बसवायला आलेला जर्मन वोल्फगांग: लांडग्याची चाल. "एवढा गरीब माणूस, आन् आईबापानं लांडगा केला व्हय!" फोर्कलिफ्टचे ब्रेक बघणारे सलीमभाई: सुखरूप. पुढे शेरा, 'बरोबर बसलं.'

ऑडिटच्या दिवशी एचआरचे साहेब या रजिस्टरावरून भडकले. ऑडिटर मात्र अर्धा तास तेच वाचत बसला आणि निघताना हळूच म्हणाला, "ताई, निखिल म्हणजे?"

"संपूर्ण." गडी इतका खूश झाला की आमचं ऑडिट एकही शेरा न पडता पार पडलं.

एकदा मी सूड उगवायचं ठरवलं. त्यांच्या खिशावरच्या पट्टीवर नुसतं 'एन. बी. जगताप' होतं. म्हटलं, "ताई, एन म्हणजे काय? अर्थ सांगा, मगच मी आत जातो."

"नकुसा," त्या सरळ म्हणाल्या. "पाचवी पोरगी मी. आता पोरगी नको, म्हणून नकुसा. झालं? जावा आता."

मला माझीच लाज वाटली. भुंगा गुपचूप आत गेला.

गेल्या वर्षी प्रेसशॉपमधल्या बाळूला तिसरी मुलगी झाली. बारशाच्या आदल्या दिवशी तो गेटवर मान खाली घालून उभा. "ताई, बहिणीला काय यायला जमत न्हाई. आन् आई म्हणती, पोरीचं नाव नकुसाच ठिवायचं. म्हंजी पुढं पोरगा होतो म्हणं."

ताईंनी रजिस्टर मिटलं. "बहीण येत न्हाई ना? मंग आत्या मी. किती वाजता?"

दुसऱ्या दिवशी भोसरीत बाळूच्या खोलीवर ताई ड्यूटीवरून थेट युनिफॉर्ममध्येच हजर झाल्या. मी होतोच. बाळूची आई पाळण्याला खेटून बसली होती. नाव सांगायची वेळ आली. "आत्या कुठंय?" कुणीतरी विचारलं.

"ही काय!" ताई वाकल्या. म्हातारी तोंड उघडेपर्यंत बाळाच्या कानात कुर्रर्र होऊन नाव गेलंसुद्धा! रिवाजाप्रमाणे बायकांनी आत्याच्या पाठीत धपाधप धपाटे घातले. टोपी पाळण्यात पडली.

"इप्सिता!" ताई गरजल्या. "म्हंजी हवीहवीशी. मागून घेतलेली!"

"असलं नाव चालायचं न्हाई," म्हातारी उसळली.

"कानात गेल्यालं नाव परत निघत न्हाई, आजी."

तोवर भिंतीशी गप्प बसलेली बाळूची बायको उठली, बाळाला छातीशी धरलं आणि सासूकडे बघत म्हणाली, "इप्सिताच." खोलीभर टाळ्या पडल्या. बाळू रडत रडत घुगऱ्या वाटत सुटला, आणि थोड्या वेळाने म्हातारीच जीभ वळवून बघू लागली, "इप्... शिता."

ताईंना चऱ्होलीला घरी सोडायला मी स्कूटर काढली. त्या मागे बसून स्वारी जिंकून आल्यासारख्या हसत होत्या. विचारलं, "नाव कुठं मिळालं?"

"ओडिशाची एक ट्रेनी पोरगी आलती, तिचं. लई वर्सं झाली."

"मग आजवर कुणाला सुचवलं नाहीत?"

त्यांनी अंबाड्यावरची टोपी सारखी केली. "माज्यासाठी ठिवलं हुतं. नाव बदलायचा फॉर्मबी भरून पेटीत हाय."

मी स्कूटर हळू घेतली. म्हटलं, "मग द्या ना तो फॉर्म. दोन इप्सिता झाल्या तर काय बिघडलं?"

"छ्या!" ताईंनी माझ्या खांद्यावर चापट मारली. "एका घरात आत्याचं आन् भाचीचं नाव एकच असतं व्हय कुठं?"