टाकीदादाची तिसरी परीक्षा

"या वेळी आपलं पाणी नापास होणं शक्यच नाही! झालंच, तर टाकीची ही किल्ली मी इथे ठेवीन आणि पुन्हा त्या टाकीकडे मान वर करून बघणारसुद्धा नाही!"

पाणी समितीच्या बैठकीत टाकीदादाने ही गर्जना केली आणि किल्ली टेबलावर अशी आपटली, की समितीतल्या दुकानदाराच्या कपातला चहा बशीत आला. दादाला खरं नावही आहे म्हणे. पण जो माणूस सदान्‌कदा गावाच्या टाकीवर चढलेला दिसतो, त्याला दुसरं काय म्हणणार?

गर्जनेला कारण होतं. गावाच्या पाण्याचा नमुना लागोपाठ दोनदा नापास झाला होता. म्हणजे पाण्यात जंतू! आता तिसऱ्यांदा तसंच झालं, तर टाकीला सील लागणार होतं आणि शेजारच्या मोठ्या गावाच्या पाइपातून उरलंसुरलं पाणी येणार होतं, तेही त्यांच्या मर्जीने. वर दादाची किल्ली तिथल्या पाणीवाल्याच्या कमरेला लटकणार! नुसता विचार मनात आला तरी दादाच्या घशाखाली घास उतरत नसे.

"भाऊजी, शपथा नंतर. आधी टाकी धुवा," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. या दादाच्या सख्ख्या वहिनी, धंदा शिवणकामाचा. कापड असो की दीर, त्या बेतूनच कापायच्या.

दादाने टाकी धुतली म्हणजे काय धुतली! स्वतः आत उतरला, कानाकोपरा घासला, गुडघे सोलून घेतले. मग पाणी भरून ब्लीचिंग पावडर अगदी तोलून घातली आणि कुलूप लावून समाधानाने घरी गेला.

आता एक किल्ली वहिनींकडेही असायची. त्यांना वाटलं, भाऊजींचा हात जरा आखडताच आहे. त्या गुपचूप वर चढल्या आणि वाटीभर पावडर घालून आल्या. मग दुकानदार उगवला. "वहिनी, किल्ली द्या, झाकण नीट लागलंय का बघून येतो." त्यालाही गावाची काळजी! त्यानेही दुकानातली वाटीभर पावडर नेली होती. कुणी कुणाला चकार शब्द सांगितला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला दवाखान्याच्या फरशीचा वास! वहिनींनी भिजत घातलेल्या गिऱ्हाइकाच्या निळ्या झंपरावर पांढरे ठिपके उमटले. दुकानदार तोंड धुऊन आला तो डोळे चोळतच.

दादाने धावत जाऊन चाचणीच्या नळीत पाणी घेतलं आणि पावडरचं प्रमाण दाखवणाऱ्या द्रावणाचे थेंब टाकले. पाणी फिकट पिवळं व्हायला हवं होतं, ते झालं गडद केशरी!

"कुणी घातली पावडर?"

"मी एकच वाटी घातली हो," वहिनी म्हणाल्या.

"मीपण एकच," दुकानदार पुटपुटला.

"अरे देवा! आता जंतू मरतील, पण मागोमाग आपलाही नंबर लागेल!" दादाने कपाळावर हात मारला. पण हरेल तो दादा कसला! "टाकी रिकामी करतो, परत भरतो, परत मापाने पावडर घालतो. या वेळी नमुना घ्यायला तपासनीस बाई स्वतः येणार आहेत, दुपारी. तोवर होऊन जाईल!"

त्याने खालचा व्हॉल्व्ह उघडला. पाणी उसळून रस्त्यावर आलं, गल्लीत चिखल झाला. आणि नेमक्या त्याच वेळी तपासनीस बाई स्कूटरवरून आल्या, लवकर! स्कूटर गेली गटाराकडे आणि बाई बसल्या चिखलात.

"पाय धुवायला जरा पाणी मिळेल का?" बाईंनी दात आवळून विचारलं.

कुठलं मिळणार? अख्ख्या गावाचे नळ कोरडे! शेवटी दुकानदाराने सीलबंद बाटल्या आणल्या आणि बाईंनी त्या पाण्याने पाय धुतले.

"नमुना गावाच्या पाण्याचा घ्यायचाय, की दुकानाच्या?" बाईंनी विचारलं. दादाला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं.

पण गडी हटला नाही. टाकी पुन्हा भरली, पावडर पुन्हा तोलली आणि या वेळी शिडीच्या पायथ्याशी स्वतः ठाण मांडून बसला. वहिनींनासुद्धा फिरकू दिलं नाही! थोड्या वेळाने बाईंनी टाकीजवळ थेंब टाकून पाहिले. फिकट पिवळं! वहिनींच्या दुकानातल्या नळाला पाहिलं. तेही फिकट पिवळं!

"छान. आता या लाइनीवरचं शेवटचं घर," बाई म्हणाल्या.

दादाची छाती फुगली. "ते माझंच! आधीचे दोन्ही नमुने तिथलेच होते. तुमच्या लॅबची बाटली यायची आणि मी स्वतः, या हाताने, आमच्या स्वयंपाकघरात भरायचो!"

सगळी वरात स्वयंपाकघरात शिरली. नळाच्या तोंडाला एक पांढरं फडकं छान दोऱ्याने बांधलेलं होतं. बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हे काय?"

"गाळणं!" दादाची आई अभिमानाने म्हणाली. "पोराला काय तसंच पाणी पाजू? रोज धुते मी ते!"

"रोज? कुठे धुता?"

"ओढ्यावर! नळाच्या पाण्याला मेला औषधाचा वास, त्यात धुतलं तर फडकं खराब होतं. आणि गुरं बसतात ना पाण्यात, तिथे नाही हो धुत. त्यांच्या जरा वरच्या अंगाला धुते!"

दादा एकदा फडक्याकडे बघे, एकदा आईकडे.

"काखेत कळसा नि गावाला वळसा!" वहिनीच शेवटी बोलल्या. "भाऊजी, गुडघे फुटेस्तोवर टाकी घासलीत, आणि जंतू तुमच्याच घरी दोऱ्याने बांधलेले!"

बाईंनी दोन बोटांनी फडकं सोडलं, उरलेसुरले जंतू मरावेत म्हणून नळाचं तोंड ज्योतीने शेकलं, थोडं पाणी वाहू दिलं आणि मग बाटली भरली.

दादाने कमरेची किल्ली काढून वहिनींपुढे धरली. त्याचे डोळे भरून आले होते. "मी बोललो होतो, वहिनी."

"पाणी नापास झालं तर, असं बोलला होतात. पाणी बिचारं कधी नापास झालंच नव्हतं. ठेवा ती किल्ली. तुमच्याइतकी टाकी घासणारा दुसरा कुठून आणू मी?"

निकाल आला. पास! दादा टाकीवर चढून एकटाच हसत बसला. समितीने मात्र ठरवलं, की घराघरातल्या नळांची फडकी उतरवायची. हे काम कुणाचं? गावातल्या सगळ्या सासवा जिला वचकून असतात, तिचं! आई थोडे दिवस रुसली आणि मग पदर खोचून अशी निघाली, की एका नळाला चिंधी उरली नाही.

त्या दिवशी दादा दमून घरी आला आणि माठाकडे वळला, तोच मागून आवाज आला.

"थांब! माठाला हात लावू नकोस. दोनदा नापास झालेला माणूस तू! आधी साबणाने हात धू, मग मला दाखव."

दादाने मुकाट्याने हात धुतले आणि आईपुढे धरले. तिने उलटसुलट करून पाहिले.

"परत धू," ती म्हणाली.