पाईकराव सरांना वास येतो

पाईकराव सर कुणाशीही हात मिळवला की तो हात हळूच नाकाशी नेत. एकदा लग्नाच्या मांडवात त्यांनी नवरदेवाचाही हात असाच हुंगला होता. सर सेनगावच्या आमच्या कॉलेजात खेळ शिकवायचे, आणि त्यांच्या लेखी खेळ म्हणजे कबड्डी. कबड्डीत अंगाला तेल चोपडलेलं पोरगं पकडीतून ओल्या साबणासारखं निसटतं. म्हणून सामन्याआधी समोरच्या संघाच्या पोटऱ्या चोळून बघायची जुनी रीत. ती सरांच्या इतकी अंगवळणी पडली होती की त्यांना अख्खा जिल्हाच तेलकट वाटायचा.

"ह्याच्यात डाव हाय," हे त्यांचं पालुपद. चहा लवकर आला तरी डाव, उशिरा आला तरी डाव. परगावी गेलो की ते स्वतःच्या टेपनं मैदान मोजत, आणि माप बरोबर निघालं की जास्तच अस्वस्थ होत. एकदा एसटीत मी कनेरगाव नाक्याच्या जाधव सरांशेजारी बसलेला त्यांना दिसलो. त्यानंतर कितीतरी दिवस ते मला सरावाची वेळच सांगेनात. मी इतिहास शिकवणारा माणूस, कबड्डीतलं मला ओ की ठो कळत नाही. पण फितूर ठरलो तो ठरलोच.

कारण नाक्याचं कॉलेज म्हणजे आमचं हाडवैरी आणि जाधव सर त्यांच्या संघाचे गुरू. दरवर्षी अंतिम सामना त्यांच्याशीच, आणि दरवर्षी कप त्यांच्याकडेच. सरांच्या सगळ्या नोकरीत तो एकदाही सेनगावला आला नाही. नव्वदचं दशक सरत आलं होतं, आणि त्या जूनमध्ये सर निवृत्त व्हायचे होते. म्हणजे ही शेवटची संधी.

सामना आमच्याच मैदानावर होता. आमची पोरं अंग मोकळं करून तयार, पण नाक्याच्या संघाचा पत्ता नाही. तेवढ्यात एसटीचा कंडक्टर सांगत आला की त्यांची जीप गावाबाहेर बंद पडली आहे. पंचांनी घड्याळ पाहिलं. अर्ध्या तासात आले नाहीत तर वॉकओव्हर, कप आमचा. पोरं नाचायलाच लागली.

सरांच्या कपाळावर मात्र आठ्या. "बंद पडली का पाडली? आपली पोरं थंड पडायची वाट बघून राहिले असतील ते. चला प्रोफेसर, बघून येऊ."

मला भाड्याच्या काळीपिवळी जीपमध्ये कोंबून ते निघाले. नाक्याची पोरं रस्त्याकडेला तुरीच्या बांधावर तोंडं पाडून बसली होती. जाधव सर ड्रायव्हरवर खेकसत होते. आमचे सर थेट त्यांच्या जीपकडे गेले, उघड्या बॉनेटमध्ये हात घातला आणि इंजिनवर तळहात टेकवला.

"आई गं!" ते हात झटकत ओरडले. "खरंच तापली की हो!"

त्यांना इतकं निराश झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. गुपचूप परत फिरलो असतो तर कप आमचा होता. सरांनी बॉनेट धाडकन लावलं. मग एकदम गरजले, "बसा रे आमच्या गाडीत! काय बघून राहिले? येळ चाललाय!"

काही पोरं आत, काही टपावर. वाटेत मी सरांच्या कानाशी लागून विचारलं, "कप हातात होता, सर. यांना काहून घेतलं?"

भाजलेल्या हातावर फुंकर घालत ते म्हणाले, "घरी मी एकला, प्रोफेसर. सकाळी उठतो ते ह्यांच्याशी भांडायचंय म्हणून. हेच न्हाई आले तर माझं हाय कोण?"

मी खिशातला रुमाल काढून त्यांच्या हाताला गुंडाळला.

मैदानात उतरताच सरांनी डाव्या हातानं सगळ्यांच्या पोटऱ्या चोळून पाहिल्या, तेवढी माफी नव्हती. सामना अटीतटीचा झाला. शेवटच्या चढाईत नाक्यानं एक गुण घेतला आणि कपही. आमची पोरं सरांकडे रागानं बघत होती, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं.

जाताना नाक्याचा कॅप्टन सरांच्या पाया पडला. "सर, फुडच्या साली पुन्हा तुमच्याशीच!"

सरांच्या निवृत्तीचं त्या पोराला ठाऊक नव्हतं. जाधव सरांना होतं. त्यांनी मान खाली घातली.

"व्हय," सर म्हणाले. "मी हाय की इथंच."