पायलटबाईंची हुबेहूब बेशुद्धी

परीक्षा पास झाल्यास पायलटबाईंच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी पाहून घेऊ. पहिली म्हणजे खुर्ची. विमानाच्या पुढच्या काचेमागची, जिच्यात बसल्यावर मांडीवर कुणी चढू शकत नाही. मग दार. कॉकपिटचं दार बाहेरून बंदुकीच्या गोळीलाही दाद देत नाही. घरी बाथरूमची कडी दोन मिनिटांच्या वर टिकत नसे. आणि सगळ्यात मोठा लाभ मोठ्या माणसांच्या बोलण्याचा. तिथे एकाने विचारायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं, आणि उत्तराबरोबर तोंडातला घास बाहेर काढून दाखवायचा नाही.

नवऱ्यालाही थोडा लाभ होताच. ‘माझी बायको विमान चालवते’ हे वाक्य त्याला बरेच दिवस भूतकाळात बोलावं लागत होतं.

अडचण एवढीच की छोटे सरकार जन्माला येऊन रांगायला लागेपर्यंत पायलटबाईंनी विमानाला हात लावला नव्हता. आणि वैमानिकाचं लायसन्स नुसतं पर्समध्ये असून भागत नाही. मोठा खंड पडला की परीक्षकासमोर उडवून, उतरवून दाखवावं लागतं. तोवर कपाटातला गणवेश कपाटातच.

“दमलीयेस का गं?” परीक्षेच्या सकाळी नवऱ्याने विचारलं.

“छे!” म्हणत पायलटबाईंनी चहात साखरेऐवजी बाळाच्या दुधाची भुकटी घातली, ढवळली आणि पिऊन टाकली.

“अगं, मग सांग ना त्यांना, तारीख पुढे ढकला म्हणून.”

“पुढे म्हणजे रांगेच्या शेपटाला. दोन-तीन महिने गेले बघ. आज नाही जमलं, तर मी इथेच, आणि तूही.”

शेवटच्या दोन शब्दांत काहीतरी होतं. नवऱ्याने मुकाट्याने गाडीची किल्ली आणून दिली.

परीक्षा सिम्युलेटरमध्ये, म्हणजे बनावट विमानात होती. मोठ्या हॉलमध्ये लोखंडी पायांवर उभी केलेली एक खोली. आत खरी बटणं, काचेबाहेर खोटं आकाश. डावीकडे कॅप्टनसाहेब, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तेही परत येत होते. दोघांची परीक्षा एकत्र. मागे परीक्षक. त्यांना पाठीमागे सगळे ‘काटेकोर काका’ म्हणत, तोंडावर ‘साहेब’.

पहिली फेरी ठीक पार पडली. मधल्या सुट्टीत काटेकोर काकांनी पायलटबाईंना कॉफीच्या मशीनआड गाठलं.

“मॅडम, पुढच्या फेरीत विमान तुमच्या हातात असेल. उतरताना तुम्ही बेशुद्ध पडायचं. कॅप्टनना कळता कामा नये.”

“म्हणजे नक्की काय करायचं, साहेब?”

“काही करायचं नाही. डोळे मिटायचे, मान टाकायची, गप्प पडून राहायचं. दोन हाका मारूनही ओ आली नाही, तर त्यांनी ताबा घ्यायला हवा. लक्षात आहे का ते बघायचंय.”

बाळ झाल्यापासून पायलटबाईंना इतकं प्रेमळ काम कुणी सांगितलं नव्हतं.

दुसरी फेरी सुरू झाली. आत मंद उजेड, यंत्रांची एकसुरी घरघर, आणि खोली अगदी हलक्या अंगाने डुलत होती. पाळण्याला याहून वेगळं काय लागतं? ठरल्याप्रमाणे धावपट्टी दिसायला लागली आणि पायलटबाईंनी मान टाकली. पहिले काही क्षण तो अभिनय होता. मग अभिनय मागे राहिला आणि बाई पुढे निघून गेल्या.

“मॅडम, उंची बघा,” कॅप्टनसाहेब म्हणाले.

उत्तर नाही.

“मॅडम! उंची!”

इथे बाई गप्प राहत्या तर सगळं सुरळीत झालं असतं. पण बाई झोपल्या तरी त्यांच्यातली आई कुठे झोपते? त्यांचा डावा हात उठला, कॅप्टनसाहेबांचा दंड त्याला सापडला आणि तो त्यांना लयीत थोपटू लागला.

“हं हं हं... झालं हं माझ्या सोन्याचं... गप, गप.”

कॅप्टनसाहेबांची पंचाईत झाली. ओ आली नाही तर काय करायचं हे त्यांना पाठ होतं. ही ओ होती की नव्हती?

“साहेब, या बोलतायत!”

“मी इथे नाही असं समजा,” मागून काटेकोर काका म्हणाले. असा जिवंत अभिनय त्यांनी आजवर पाहिला नव्हता.

“अहो, पण मला थोपटतायत!”

“विमान बघा, कॅप्टन.”

काचेत जमीन मोठी होत चालली होती. “ताबा माझ्याकडे!” कॅप्टनसाहेब ओरडले.

“घे बाबा, घे,” पायलटबाई झोपेतच म्हणाल्या.

एका हाताने बाईंची खुर्ची मागे ढकलून, त्यांचे पट्टे आवळून, दंड थोपटून घेत कॅप्टनसाहेबांनी विमान टेकवलं. ते दोनदा उसळलं, पण थांबलं.

“छान. मॅडम, अगदी हुबेहूब! आता उठा.”

मॅडम घोरल्या.

काकांनी दिवे लावले. खांद्याला हलवून पाहिलं. मग मात्र त्यांचा चेहरा पडला आणि प्रथमोपचारवाला ऑक्सिजन घेऊन धावत आला. नाकावर मास्क बसताच पायलटबाईंनी डोळे उघडले आणि त्याला विचारलं, “दूध कोमट केलंस ना?”

“मॅडम, नीट ऐका,” काका पेन उघडून म्हणाले. “खरंच बेशुद्ध झाला असाल, तर प्रकरण डॉक्टरांकडे जाईल, आणि तिथून कधी सुटेल सांगता येत नाही. झोपला असाल, तर तसं लिहावं लागेल. आणि अभिनय असेल तर... तर उत्तमच.”

“अभिनय म्हणा,” कॅप्टनसाहेब कानाशी कुजबुजले. “माझीही सुटका होईल हो.”

पायलटबाईंच्या ओठांवर तो शब्द आलाच होता. एक शब्द, आणि खुर्ची, दार, सगळं हातात. पण पुढच्या आठवड्यात त्या खुर्चीमागे विमान भरून माणसं बसणार होती, आणि ती काही थोपटून घ्यायला येत नव्हती.

“साहेब, झोपले होते. गाढ.”

काकांनी पेन मिटलं. मग त्यांनी नियमांचं जाडजूड पुस्तक काढलं.

“थकलेल्या वैमानिकाची परीक्षा घेता येत नाही. म्हणजे आजची परीक्षा झालीच नाही. उद्या दुपारी पुन्हा.”

“आणि माझी?” कॅप्टनसाहेब.

“तुमची यांच्याबरोबरच होती.”

“अहो, मी विमान उतरवलं ना!”

“कुठलं विमान? मॅडम, तोवर पूर्ण विश्रांती. घरी कोण असतं?”

“नवरा. आणि रांगतं बाळ.”

“मग ती विश्रांतीची जागा धरता येणार नाही. वर पाहुण्यांची खोली आहे, तिथे झोपायचं. हा आमचा नियम आहे, मेहरबानी नाही.”

घरी फोनही काकांनीच केला.

“ती आज येणार नाही? मग बाळ?” नवऱ्याचा आवाज चिरकला.

“बाळाबद्दल आमच्या पुस्तकात काही नाही,” काकांनी पान उलटून खात्री करून घेतली.

दुसऱ्या दिवशी पायलटबाईंनी विमान असं टेकवलं, की काकांना ते टेकल्याचं पडद्यावर बघून कळलं. कॅप्टनसाहेबांचं आजही उसळलं, पण एकदाच. दोघेही पास.

बाई घरी आल्या, तर नवरा सोफ्यावर तोंड उघडं टाकून निजलेला. समोर लॅपटॉप, त्यात अख्खं ऑफिस टक लावून बघतंय, आणि त्याचे साहेब तिसऱ्यांदा विचारतायत, “अहो, आवाज येतोय ना माझा?” छोटे सरकार नवऱ्याच्या पोटावर बसून हेडफोनची वायर चघळत होते. बाईंनी आधी लॅपटॉप मिटला, मग बाळ उचललं.

“रात्री उठलं होतं का रे?”

नवऱ्याने एक डोळा उघडला. “एकदाच.”

“एकदाच?”

“हो. मग झोपलंच नाही.”

तर जमाखर्च असा. खुर्ची आणि दार पायलटबाईंकडे जमा. कॅप्टनसाहेबांनी एकाच परीक्षेसाठी दोनदा घाम गाळला. छोट्या सरकारांनी काहीच भरलं नाही. ते कधीच भरत नाहीत. राहिली झोप. बाईंनी वरच्या खोलीत जेवढी उचलली, तेवढी नवऱ्याच्या नावावर खर्ची पडली. सोमवारी त्याच्या साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. जाण्याआधी त्याने आपल्या ऑफिसची नियमावली पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढली. विश्रांतीबद्दल तिच्यात एक ओळ नव्हती.